मोसम सुरू होण्याआधीचे भांडण

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा मोसम बहुतेक वर्षी मार्च महिन्यात सुरू होतो. 2022 ते 2024 या काळात पहिली शर्यत बहारीनला झाली. 2025 पासून तो मान पुन्हा ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नकडे आला. मेलबर्नला दुपारी तीन वाजता गाड्या सुटतात, तेव्हा जळगाव-धुळ्यात रविवार सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. खान्देशात मोटार शर्यतीचा कायमचा ट्रॅक नाही. मराठी मुलखात कोल्हापूरजवळ हुपरीच्या बाजूला छोटा ट्रॅक आहे. त्यामुळे इकडच्या चाहत्याची फॉर्म्युला वन ही मोबाइलच्या नाहीतर टीव्हीच्या पडद्यावरची, आणि पडद्याबाहेर उरते ती चर्चा.

ही चर्चा दरवर्षी दोन प्रश्नांभोवती फिरते. यंदा एकच संघ सगळे लुटून नेणार का, आणि तसे झाले तर ते श्रेय ड्रायव्हरचे की गाडीचे? बैलगाडा शर्यतीच्या मैदानावर बैलाचे मोल किती आणि हाकणाऱ्याचे किती, हा जो वाद रंगतो तोच हा वाद. मोटारींच्या बाबतीत मात्र त्याचे उत्तर बरेचसे आकड्यांत सापडते.

या स्पर्धेत दोन विजेतेपदे असतात: एक ड्रायव्हरचे, दुसरे संघाचे. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात. पहिल्या क्रमांकाला 25 गुण, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15, असे करत दहाव्याला 1 गुण मिळतो, आणि दोन्ही गाड्यांचे गुण संघाच्या खात्यात जमा होतात. प्रत्येक संघाने आपल्या गाडीचा सांगाडा स्वतः आखायचा असतो. इंजिन स्वतःचे असेल किंवा दुसऱ्याकडून घेतलेले. क्रिकेटमध्ये दोन्ही बाजूंना एकच चेंडू आणि एकच खेळपट्टी मिळते. इथे साधनच वेगवेगळे असते, आणि वर्चस्वाचे मूळ तिथेच आहे.

वर्चस्व म्हणजे किती, हे काही मोसमांवरून कळते. 1988 मध्ये मॅक्लॅरेनने 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. 2002 मध्ये फेरारीने 17 पैकी 15 जिंकल्या, आणि मायकेल शूमाकरचे विजेतेपद जुलै महिन्यात, सहा शर्यती शिल्लक असतानाच पक्के झाले. मर्सिडीजने 2014, 2015 आणि 2016 या तीन वर्षांत मिळून 59 पैकी 51 शर्यती नेल्या. 2023 मध्ये रेड बुलच्या हातून 22 पैकी फक्त एक शर्यत निसटली, ती सिंगापूरची. तिथे फेरारीचा कार्लोस साइन्झ जिंकला. एकट्या मॅक्स व्हर्स्टापेनने त्या वर्षी 19 शर्यती जिंकल्या. मोसम असा चालला की पहिल्या क्रमांकाची उत्सुकता संपते आणि चाहते चौथ्या-पाचव्या जागेची झुंज पाहू लागतात.

भारतात या स्पर्धेच्या तीन शर्यती झाल्या, 2011, 2012 आणि 2013 मध्ये, दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किटवर. जळगाव-भुसावळच्या माणसाला थेट रेल्वेने दिल्ली गाठून पाहता येतील अशा या शर्यती होत्या. तिन्ही वेळा रेड बुलचा सेबास्टियन व्हेटेल पहिल्या जागेवरून सुटला आणि तिन्ही वेळा तोच जिंकला. पहिल्या दोन वर्षांत तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाही फेरीत त्याने आघाडी सोडली नाही. 27 ऑक्टोबर 2013 रोजी त्याचे सलग चौथे विश्वविजेतेपद याच ट्रॅकवर ठरले. पुढे करांच्या वादात भारतातली शर्यत बंद पडली. म्हणजे भारतीय प्रेक्षकाने आपल्या भूमीवर फॉर्म्युला वन पाहिली ती एकाच संघाच्या ऐन सद्दीच्या काळातली.

ही सद्दी येते कुठून? चाहत्यांचे पहिले उत्तर असते पैसा. ते खोटे नाही, पण पुरेही पडत नाही. टोयोटाने 2002 ते 2009 या काळात पाण्यासारखा पैसा ओतला आणि तिला एकही शर्यत जिंकता आली नाही. उलट विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया हा तुटपुंज्या बजेटचा संघ 2016 आणि 2017 मध्ये संघांच्या क्रमवारीत चौथा आला. तो इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनजवळ होता. 2018 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईतून त्याची मालकी बदलली आणि 2021 पासून तो अ‍ॅस्टन मार्टिन या नावाने धावतो.

पैशापेक्षा मोठे कारण म्हणजे नियमांतला बदल. नियम मुळापासून बदलले की सगळ्यांना कोऱ्या कागदावरून सुरुवात करावी लागते आणि त्या कागदावर एखाद्यालाच नेमकी रेघ सापडते. 2009 मध्ये हे ठळकपणे दिसले. मंदीमुळे होंडाने डिसेंबर 2008 मध्ये खेळातून अंग काढून घेतले. संघ बंद पडायच्या बेतात असताना संघप्रमुख रॉस ब्रॉन यांनी तो हाती घेतला. गाडीच्या मागच्या बाजूला, तळाखालून जाणारी हवा जिथून बाहेर पडते, तो वर चढत जाणारा भाग म्हणजे डिफ्यूझर. नव्या नियमांत त्याचा प्रभाव कमी केला होता. ब्रॉन यांच्या अभियंत्यांनी नियमाच्या शब्दांतली फट हेरली आणि तळाला भोके ठेवून वर आणखी एक मजला चढवला. हवेचा दाब त्यामुळे गाडीला रस्त्याशी अधिक घट्ट धरू लागला आणि वळणावर वेग वाढला. विल्यम्स आणि टोयोटा यांनाही ही युक्ती सुचली होती. बाकीच्यांनी तक्रार केली, ती फेटाळली गेली. ब्रॉन यांच्या संघाच्या जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. नंतर इतरांनी तोच डिफ्यूझर बसवला आणि बटनला त्या मोसमात पुढे एकही शर्यत जिंकता आली नाही, पण सुरुवातीला साठवलेले गुण विजेतेपदाला पुरले.

मर्सिडीजची 2014 ची आघाडी मात्र अशी चार महिन्यांत विरणारी नव्हती. त्या वर्षी हायब्रिड इंजिने आली. टर्बोचे दोन भाग एरवी एकमेकांना चिकटून असतात. मर्सिडीजने हवा दाबणारा भाग इंजिनाच्या पुढे नेला, गरम वायूवर फिरणारा मागे ठेवला आणि दोघांना लांब दांड्याने जोडले. थंड भाग गरम भागापासून दूर राहिल्याने ताकदही मिळाली आणि जागाही वाचली. इतरांना हे कळले नाही असे नाही. पण खर्च आवरण्यासाठी इंजिनात किती बदल करायचे यावर मर्यादा घातलेली होती. पैसा वाचवायला केलेला नियम पुढे असलेल्याचीच राखण करत बसला. 2014 पासून सलग आठ वर्षे संघाचे विजेतेपद मर्सिडीजकडे राहिले.

म्हणून 'नियम बदला म्हणजे चुरस वाढेल' ही चाहत्यांची आवडती मागणी जपून घ्यावी लागते. नियम बदलला की गादीवरचा राजा बहुधा उतरतो, पण त्या जागी दुसरा राजा बसतो. 2005 मध्ये एकच टायर संच पात्रता फेरी आणि शर्यत यांना पुरवावा लागेल असे ठरले आणि फेरारी कोसळली. वर्षभरात तिने एकच शर्यत जिंकली, तीही इंडियानापोलिसची, जिथे टायरच्या भीतीने बाकीच्यांनी माघार घेतली आणि अवघ्या सहा गाड्या धावल्या. खरी चुरस दिसते ती नियम जुने झाल्यावर, सगळ्यांनी एकमेकांचे पाहून घेतल्यावर. 2009 चे नियम मुरल्यावर 2012 मध्ये पहिल्या सात शर्यतींना सात वेगळे विजेते मिळाले, अर्थात टायरही त्या वर्षी कुणाला नीट उमगले नव्हते. 2021 मध्ये मर्सिडीजचा लुइस हॅमिल्टन आणि रेड बुलचा व्हर्स्टापेन शेवटच्या शर्यतीला बरोबरीच्या गुणांवर उतरले. 2022 मध्ये आलेल्या नव्या नियमांच्या तिसऱ्या वर्षी, 2024 मध्ये, सात ड्रायव्हरांनी प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकल्या आणि संघांच्या विजेतेपदात मॅक्लॅरेनने फेरारीला अवघ्या 14 गुणांनी मागे टाकले. 2013 चा मोसम या हिशेबात बसत नाही: नियम जुने, तरी व्हेटेलने शेवटच्या नऊ शर्यती ओळीने जिंकल्या.

संघाचे वर्चस्व आणि कंटाळा हे एकच, असेही नाही. 2016 मध्ये मर्सिडीजने 21 पैकी 19 शर्यती जिंकल्या, तरी निको रोझबर्ग आणि लुइस हॅमिल्टन या एकाच संघातल्या दोघांचा निकाल शेवटच्या शर्यतीत, 5 गुणांच्या फरकाने लागला. ड्रायव्हर की गाडी या वादातही याचा उपयोग होतो. एकाच गाडीतल्या दोघांमधला फरक हा बराचसा माणसांचा. दोन संघांमधला फरक मुख्यतः गाड्यांचा.

चुरस वाढवण्याचे दोन नवे उपाय गेल्या काही वर्षांत आले. 2021 पासून संघाच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. दुसरा उपाय हवेच्या बोगद्यातल्या चाचणीचा. पहिल्या आलेल्या संघाला ठरलेल्या वेळेच्या 70 टक्केच वेळ मिळतो आणि खालच्या प्रत्येक क्रमांकाला 5 टक्के जास्त. 2023 च्या सुरुवातीला रेंगाळणारा मॅक्लॅरेन दीड-दोन वर्षांत अव्वल झाला, त्यात या दोन्हींचा हातभार मानला जातो.

याहून सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांना सारखीच गाडी देणे. महिंद्राचा संघ ज्या फॉर्म्युला ई या विजेवरच्या शर्यतींत 2014 पासून आहे, तिथे सांगाडा आणि बॅटरी सगळ्यांना सारखी असते. त्या स्पर्धेच्या पहिल्या 11 मोसमांत 10 वेगवेगळे ड्रायव्हर विजेते झाले. फॉर्म्युला वनचे चाहते मात्र या उपायाला क्वचितच तयार होतात. अभियंत्यांची चढाओढ काढून घेतली तर मग उरले काय, असा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

आता मोसमाआधीच्या अंदाजांकडे. फेब्रुवारीत सराव चाचण्या होतात आणि वेळांचे तक्ते बाहेर येतात. त्यांवर वाद घालणे हा फुकटचा उद्योग, कारण गाडीत पेट्रोल किती होते ते कुणी सांगत नाही. ढोबळ हिशेबाने 10 किलो इंधन एका फेरीला सुमारे 0.3 सेकंद खाते. एका गाडीत 20 किलो आणि दुसरीत 80 किलो असेल, तर केवळ वजनामुळे जवळपास 1.8 सेकंदांचा फरक पडतो. पहिल्या आणि पाचव्या संघातला खरा फरक बहुधा याहून लहान असतो. शिवाय टायर मऊ की कडक, इंजिन पूर्ण ताकदीवर होते का, हेही झाकलेलेच. झाकली मूठ सव्वा लाखाची हे धोरण सगळेच संघ पाळतात. जाणकार म्हणून एका झटक्याच्या वेळेपेक्षा ओळीने काढलेल्या पंधरा-वीस फेऱ्यांकडे पाहतात: टायर झिजताना वेळ किती घसरत गेली, यावरून गाडीची तब्येत कळते.

पहिली शर्यतही फसवते. 2022 ला बहारीनमध्ये फेरारी पहिली-दुसरी आली आणि रेड बुलच्या दोन्ही गाड्या शेवटच्या काही फेऱ्यांत इंधनपुरवठ्याच्या बिघाडाने बंद पडल्या. पुढे त्या मोसमातल्या 22 पैकी 17 शर्यती रेड बुलने जिंकल्या. 2024 ला त्याच बहारीनमध्ये व्हर्स्टापेन आरामात जिंकला, रेड बुल पहिली-दुसरी आली, आणि वर्षअखेर संघांच्या क्रमवारीत रेड बुल तिसरी होती.

2026 मध्ये पाटी पुन्हा पुसली गेली. निम्म्याच्या आसपास ताकद विजेवर, पुढचे-मागचे पंख धावताना कोन बदलणारे, गाडी 30 किलोंनी हलकी, सोबत ऑडी आणि कॅडिलॅक ही नवी नावे. 2014 चा धडा यावेळी नियम लिहिणाऱ्यांच्या लक्षात होता. म्हणून ज्याचे इंजिन ठरावीक टक्क्यांहून मागे पडेल त्या उत्पादकाला मोसम चालू असतानाच सुधारणेची जादा मुभा देण्याची तरतूद त्यांनी नियमांतच करून ठेवली.