भिंतीतले लाकूड

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. युरोपची वाट धरणारी मात्र दुसरी. तो पहिला मान दादाचा. बाबा सावंतवाडीत सुतारकाम करतात. दादा दहावीनंतर त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि आता तो पोर्तुगालमध्ये, लिस्बनपासून तासाभराच्या अंतरावर, दारे-खिडक्यांच्या एका कारखान्यात कामाला आहे. लिस्बनला तो चार-पाच वेळा गेला होता, पण दर वेळी कागदपत्रांच्या रांगेत उभे राहण्यासाठी. शहर म्हणून ते त्याने पाहिलेच नव्हते. 2024 च्या दिवाळीच्या सुटीत त्याने आपल्या शिलकीतून माझे तिकीट काढले. "एवढ्या पैशांत पडवीचे छप्पर झाले असते," असे आई म्हणाली, आणि ते खरेच होते.

1 नोव्हेंबरला आमच्याकडे लक्ष्मीपूजन. पोर्तुगालमध्ये त्याच दिवशी सर्व संतांचा सण, म्हणून सुटी. शुक्रवारला शनिवार-रविवार जोडून आले आणि आम्हा भावंडांना लिस्बनसाठी तीन दिवस मिळाले. तीन दिवसांत एवढे मोठे शहर पाहून होत नाही. तेव्हा मी जे थोडे पाहिले आणि मला जे थोडे समजले, तेवढेच येथे सांगते.

इतिहास हा माझा विषय. जाण्यापूर्वी ग्रंथालयातून पुस्तके काढून मी टिपणे केली होती. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, याच सणाच्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. लोक चर्चमध्ये होते आणि सणानिमित्त जागोजागी मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. छपरे कोसळली ती या लोकांवर. जे वाचले ते मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर तेथे समुद्राचे पाणी आधी मागे हटले आणि मग लाटा होऊन आत शिरले. उरले ते आगीने खाल्ले. ती आग पाच-सहा दिवस धुमसत होती. राजा पहिला जोसे त्या सकाळी शहराबाहेर बेलेंला होता, म्हणून वाचला. परंतु त्याने दगडी छपराची इतकी धास्ती घेतली की पुढे त्याच्यासाठी टेकडीवर लाकडी वाडा बांधावा लागला आणि 1777 साली मरेपर्यंत तो तेथेच राहिला. हे मी दादाला गाडीत वाचून दाखविले. तो हसून म्हणाला, "राजा शाणो होतो."

आम्ही उतरलो होतो बायशा भागात. बायशा म्हणजे खालची पेठ. नदीपासून रॉसिओ चौकापर्यंत सरळ रेघेत आखलेले रस्ते, दोहो बाजूंना एकाच उंचीची, एकाच तोंडवळ्याची घरे. रस्त्यांची नावे धंद्यांवरून पडली आहेत: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा. आमच्या गावच्या चितारआळीची आठवण होणारच. भूकंपापूर्वी येथे बोळाबोळांची जुनी वस्ती होती. ती पुन्हा जशीच्या तशी उभारायची, की रस्ते रुंद करायचे, की हे ठिकाण सोडून दुसरीकडे नवे शहर वसवायचे, असे सगळे पर्याय मान्युएल द माया या मुख्य अभियंत्याने 4 डिसेंबरलाच, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, सरकारपुढे ठेवले. त्या वेळी त्याचे वय अठ्ठ्याहत्तर होते! मंत्री पोम्बाल याने नव्या आखणीचा पर्याय उचलला आणि एउजेनिओ दुश सांतुश व कार्लुश मार्डेल यांनी तो कागदावरून जमिनीवर आणला.

एवढे माझ्या वहीत होते. घरे कशी उभी राहिली याबद्दल मात्र "भूकंपरोधक लाकडी पिंजरा" असे तीनच शब्द मी लिहून घेतले होते, आणि परीक्षेला तेवढे पुरे, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच रात्री दादाने खोलीची मधली भिंत बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. थोडे सरकून पुन्हा ठोकली. "हंय लाकूड आसा," तो म्हणाला. मला ती साधी चुन्याची भिंत दिसत होती.

शनिवारी सकाळी आम्ही एका बँकेच्या तळघरात गेलो. रुआ दुश कुर्रियेइरुश या रस्त्यावर बँकेच्या इमारतीखाली खोदकामात रोमन काळातील मासे खारविण्याची टाकी सापडली आहेत. ती पाहायला लोकांना माहिती सांगत आत नेतात. दारात दादा थबकला. "तू जा. मी भायर रवतंय. माका काय कळतला थंय?" शहरात आल्यापासून संग्रहालय म्हटले की त्याचे हेच चालले होते. तिकिटाचा प्रश्न नव्हता, येथे पैसे पडत नव्हते. मी हात धरून त्याला आत नेले.

रोमन टाक्यांपाशी तो गप्प होता. मग जमिनीखालची लाकडे दाखविली गेली. बायशाची जमीन नदीच्या गाळाची, मऊ. तेव्हा पुनर्बांधणीच्या वेळी पाइनच्या झाडांचे ओंडके खुंट्यांसारखे दाटीने खाली ठोकले, त्यांवर आडवी लाकडे टाकली आणि त्यांवर दगडी पाया चढविला. एवढ्या वर्षांनी ते लाकूड कुजले कसे नाही, असे कोणीतरी विचारले. दादा माझ्या कानाशी म्हणाला, "सतत पाण्यात आसा म्हणान." मग त्याने समजावून सांगितले. लाकूड कुजते ते एकदा भिजून एकदा सुकले म्हणजे, कारण कुजविणाऱ्या बुरशीला पाण्याबरोबर हवाही लागते. कायम पाण्याखाली हवा पोचत नाही. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाचे लाकूड घालतात ते याच भरवशावर. म्हणजे बायशातील घरांना जमिनीखालच्या ओलीचे भय नाही. पाण्याची पातळी खाली गेली तरच भय.

तेथून पुढे माझ्या वहीतील तीन शब्द उलगडत गेले. तळमजला दगडी कमानींचा, भक्कम आणि जड. पिंजरा त्याच्या वर सुरू होतो. आतल्या भिंतीत उभे खांब, आडव्या तुळया आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारखी तिरपी दोन लाकडे. ही दोन लाकडे जेथे छेदतात तेथे अर्धी-अर्धी जाडी कापून एकमेकींत बसविलेली. मधल्या जागेत दगडगोटे व चुना भरायचा आणि वरून गिलावा करायचा, की लाकूड दिसेनासे होते. फुली कशासाठी? दादाने माझ्या हातातील वही उभी धरली आणि तिच्या कोपऱ्याला बोट लावून ढकलली. चार काठ्यांची चौकट अशीच तिरकी होऊन पडते. तिरपी काठी मारली की जागची हलत नाही. आणि धक्का उजवीकडून येईल की डावीकडून हे ठाऊक नसते, म्हणून तिरप्या काठ्या दोन. जमीन हादरली तर चुना तडकेल, दगडगोटे गळून पडतील, पण सांगाडा लवचीक राहून मजले धरून ठेवील, असा हिशेब. नमुना उभा करून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावले आणि परीक्षा घेतली, असेही सांगतात.

याशिवाय दोन घरांमधील भिंत छपराच्याही वर नेली, म्हणजे एकाची आग दुसऱ्याला लागू नये. दारे-खिडक्या ठरावीक मापाच्या, आधी तयार करून मग आणून बसवायच्या. हे ऐकून दादाने सांगणाऱ्या बाईंना पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारले. त्या थांबल्या, हाताने खाच दाखवीत उत्तर देऊ लागल्या. दादाने पुन्हा विचारले. पाच मिनिटे ते बोलणे चालले होते. माझे इंग्रजी आणि माझी वही तेथे निरुपयोगी होती. मी बाजूला उभी राहून दिसतील त्या पाट्यांवरची नावे उतरवून घेतली.

दुपारी कार्मोचे चर्च पाहिले. भूकंपात त्याचे छप्पर गेले. आज कमानी तशाच उघड्या आहेत आणि आतून आकाश दिसते. शेजारच्याच बराकीत 25 एप्रिल 1974 रोजी हुकूमशाही सरकारचा प्रमुख शरण आला. रविवारी ट्रामने बेलेंला गेलो. तेथील मठात वास्को द गामाची कबर आहे. आमची आजी पेडण्याची. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला तेव्हाच्या गोष्टी ती सांगते, त्यामुळे त्या कबरीपुढे काय वाटून घ्यावे हे मला कळेना. दादा वरच्या दगडी कमानींकडे पाहत होता. नंतर आम्ही काठावर बसून अंड्याच्या गोड वड्या खाल्ल्या. त्या तेथे प्रसिद्ध आहेत, मला जरा उग्र वाटल्या.

मला सगळ्यात आवडलेली एक गोष्ट राहिली. भूकंपानंतर सरकारने प्रत्येक धर्मग्रामाला प्रश्नावली पाठविली: धक्का किती वेळ टिकला, किती वेळा बसला, समुद्र आधी चढला की उतरला, किती माणसे गेली. ती उत्तरे आजही लिस्बनच्या सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवली आहेत. देवाचा कोप झाला असे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. पण प्रश्न विचारले गेले ते मोजमापांचे.

घरी आल्यावर मी सारे बाबांना सांगितले, फुलीची आकृतीही काढून दाखविली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि एकच विचारले, "लाकूड कसलां?" पायातले पाइनचे, हे मी सांगितले. वरच्या पिंजऱ्याचे कसले ते माझ्या वहीत नव्हते. दादाला फोन लावला.

"ओक," तो म्हणाला. "त्या बायन सांगल्यान. तू तेवा नावां लिवत होतंस."