न्हाणीघरातला सांधा का गळतो?

खालच्या मजल्यावरच्या छताला ओलीचा डाग पडला की वरच्या न्हाणीघराकडे बोट दाखवले जाते. गवंडी येतो, टाइलांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरून जातो आणि काही महिन्यांत डाग पुन्हा उमटतो. हडपसरमध्ये खडकवासल्याच्या उजव्या कालव्यावर पिकणाऱ्या मळ्यांच्या जागी गेल्या काही दशकांत बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. एकाची मोरी हे दुसऱ्याचे छत झाले. त्यामुळे गळती हा शेजारधर्माचा प्रश्न बनला. मुळात मात्र तो भौतिकशास्त्राचा आणि रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, असे आम्हाला वाटते.

पाणी शिरते कसे?

टाइलच्या चकचकीत थरातून पाणी जात नाही. ते सांध्यांतून जाते. शॉवरखालची भिंत जमिनीला मिळते तो कोपरा आणि पाणी वाहून नेणाऱ्या जाळीभोवतीची कड या सर्वांत नाजूक जागा. तिथे केसाएवढी फट पडली की केशाकर्षण सुरू होते. दोन स्वच्छ, समांतर काचांमध्ये १ मिलिमीटर अंतर असेल तर पाणी सुमारे दीड सेंटीमीटर वर चढते. अंतर ०.१ मिलिमीटर केले तर तेच पाणी सुमारे १५ सेंटीमीटर चढते. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. तेव्हा ‘एवढ्याशा भेगेतून काय पाणी जाणार?’ हा समज फसवा आहे.

हे वर्गात सहज दाखवता येईल. काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एका कडेला मध्ये आगकाडी ठेवा, दुसरी कड चिकटू द्या आणि रबर बँड लावून शाईच्या पाण्यात उभ्या करा. चिकटलेल्या कडेशी पाणी सर्वांत उंच चढते. पाण्याची वरची कड वक्र दिसेल. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी तो अपास्त ओळखावा.

फट पडते का?

पहिले कारण, सिमेंट वाळताना आकसते. दुसरे, तापमान. ११ सेंटीमीटर व्यासाची पीव्हीसी नळी गरम पाण्याने २० अंश सेल्सिअसने तापली तर तिचा व्यास ०.१ मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. काँक्रीट तेवढ्याच तापमानवाढीने जेमतेम ०.०२ मिलिमीटर प्रसरण पावते. रोजच्या या ओढाताणीत कडक सिमेंट सुटते.

तिसरे कारण आपल्याच हातचे असते. बोअरचे पाणी दुष्फेन असले तर टाइलांवर पांढरे डाग धरतात. ते काढायला आपण ॲसिड ओततो. हायड्रोक्लोरिक आम्ल डागातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते, पण सांध्यातल्या सिमेंटमध्येही कॅल्शियमचीच संयुगे असतात. डागाबरोबर सांधाही झिजतो.

गळती नेमकी कुठली?

आधी निदान, मग दुरुस्ती. सर्व नळ बंद असताना पाण्याचा मीटर फिरत असेल, तर दोष दाबाखालच्या नळीत असण्याची शक्यता मोठी. मीटर स्थिर असेल तर जाळीचे तोंड घट्ट बंद करून जमिनीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी साठवा, पातळीची खूण करा आणि २४ तास थांबा. शेजारी पाण्याची परात ठेवा. तिच्यातली घट ही बाष्पीभवनाची. जमिनीवरची घट त्याहून जास्त असेल तर जमीन गळते. ती गळत नसेल आणि भिंतीवर शॉवर सोडल्यावरच खाली ओल येत असेल, तर दोष भिंतीच्या सांध्यात. विज्ञानातल्या ‘तुलनेच्या प्रयोगा’चे इतके घरगुती उदाहरण क्वचितच मिळेल.

दुरुस्ती

सपाट सांध्यांना आम्लाला बऱ्यापैकी दाद न देणारे एपॉक्सी ग्राउट चालते. कोपऱ्यात मात्र लवचीक पदार्थच हवा. सिलिकॉनच्या रेणूत सिलिकॉन व ऑक्सिजन यांची एकाआड एक साखळी असते. हवेतली आर्द्रता घेऊन तिचे रबर बनते. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून ॲसेटिक आम्ल सुटते. ते सिमेंटला बाधते, म्हणून तिथे ‘न्यूट्रल’ प्रकार घ्यावा.

जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे, कारण नवे जुन्यावर नीट चिकटत नाही. फट कोरडी होऊ द्यावी. फट खोल असल्यास तळाशी फोमची दोरी बसवावी, म्हणजे सिलिकॉन दोनच बाजूंना चिकटते आणि ताणता येते. तळालाही चिकटले तर फाटण्याचा धोका वाढतो. नंतर किमान २४ तास पाणी लागू देऊ नये. टाइलांखालचा जलरोधक थरच गेला असेल, तर मात्र वरवरचा उपाय पुरणार नाही; फरशी उखडावी लागेल.

दुर्लक्ष केले तर?

झिरपणारे पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली आणते. छतावर लोणा दिसतो तो त्याचाच. ताज्या काँक्रीटचा सामू १२ हून अधिक असतो, त्यामुळे आतील सळ्या सुरक्षित राहतात. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तो ९ च्या आसपास उतरला आणि ओल कायम राहिली, की सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. कोपऱ्यातल्या एका फटीची किंमत मग सगळी इमारत मोजते.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार न्हाणीघरातील अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदनिकेच्या सभासदावर आणि बाहेरील सामाईक नळ्यांच्या गळतीचा संस्थेवर असतो. म्हणूनच भांडणाआधी २४ तासांची चाचणी दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून करावी. निष्कर्ष दोघांनी डोळ्यांनी पाहिलेला असला की वादाला जागा कमी उरते.