जुना फोर्ट्रान, नवा कंपायलर

शराफियातून गावी फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला: "पाऊस काय म्हणतोय?" त्याच पावसाच्या अंदाजासाठी पुण्याच्या आयआयटीएमने अमेरिकेतून आलेले सीएफएस हे मॉडेल वापरले. ते फोर्ट्रानमध्ये लिहिलेले आहे.

फोर्ट्रान 1957 पासूनची भाषा. पण तिचे कंपायलर बदलत राहतात. 2020 मध्ये आलेल्या जीफोर्ट्रान 10 ने एक जुनी ढिलाई बंद केली. एकाच सबरुटीनला एका ठिकाणी पूर्णांक आणि दुसऱ्या ठिकाणी दशांश संख्या पाठवली, तरी पूर्वी काम थांबत नसे. आता चूक दाखवून काम थांबते. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेले अनेक वैज्ञानिक कोड अडले.

तुमची मुले थुवलच्या कौस्टमध्ये किंवा पुण्यात असा कोड हाती घेतील, तेव्हा त्यांना एवढे सांगा. कंपायलरमध्ये सूट देणारा पर्याय आहे, पण तो तात्पुरता समजा. कोड चालला म्हणजे उत्तर बरोबर आले असे नव्हे. आधी जुन्या कंपायलरची उत्तरे जपा, नव्याशी ताडून पाहा, मग कोड दुरुस्त करा. आणि कंपायलरचा क्रमांक लिहून ठेवा. कोड लिहिणारे निवृत्त होतात. पुढच्याला आधार त्या नोंदीचाच.