इंग्रजी भाषेंतील 'लिस्ट'

इंग्रजी वर्तमानपत्र उघडून बसलेल्या मराठी वाचकाला एखाद्या सकाळीं तीन निरनिराळ्या बातम्या वाचावयास मिळतात. पहिलींत एक जहाज वादळांत सांपडून 'लिस्ट' झालें, असें असतें. दुसरींत एक विद्वान दुसऱ्याच्या मताविरुद्ध 'लिस्ट्स'मध्यें उतरला, असें असतें. तिसरींत लंडनमधील एक जुनी इमारत 'लिस्टेड' असल्यामुळें मालकाला तिची साधी खिडकीसुद्धां परवानगीवांचून बदलतां येत नाहीं, अशी तक्रार असते. 'लिस्ट म्हणजे यादी' हा शाळेंत पाठ केलेला अर्थ घेऊन वाचक पुढें गेला, तर जहाजाची यादी कोणी केली आणि विद्वान यादींत कसा उतरला, हें कोडें त्याला कांहीं केल्या सुटत नाहीं.

कोडें सुटण्याकरितां प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. 'लिस्ट' हा एकच शब्द नसून एकाच वेषांत वावरणारे चार शब्द आहेत. पहिला ऐकण्याचा. 'लिसन' या परिचित क्रियापदाचा तो भाऊबंद असून आतां केवळ जुन्या काव्यांतच आढळतो. दुसरा इच्छेचा. 'वाटेल तसें करणें' या अर्थीं तो एके काळीं रूढ होता व १६११ सालच्या इंग्रजी बायबलांतही तो आहे. आज त्याचा एक वंशज मात्र रोजच्या बोलण्यांत जिवंत आहे, तो म्हणजे 'लिस्टलेस'. ज्याला कशाचीच इच्छा उरली नाहीं, जो तापांतून उठल्यासारखा मरगळून बसला आहे, तो लिस्टलेस. त्याच्या हातून यादी हरवलेली नसते!

तिसरा शब्द जहाजाचा. गलबत एका बाजूला कललें म्हणजे तें 'लिस्ट' होतें. हा अर्थ इच्छेच्या अर्थांतूनच निघाला असावा, असा कांहीं कोशकारांचा तर्क आहे. आणि मराठी माणसाला तो तर्क चटकन् पटण्यासारखा आहे. कारण मनाची ओढ आणि भिंतीचें झुकणें या दोहोंनाही मराठींत 'कल' हा एकच शब्द आहे.

चौथा शब्द काठाचा. धोतराला किंवा लुगड्याला जसा काठ असतो, तसा कापडाच्या कडेला जो घट्ट विणलेला पट्टा असतो, त्याला जुन्या इंग्रजींत 'लिस्ट' म्हणत. अशा काठांच्या पट्ट्या विणून केलेल्या मऊ सपातांना 'लिस्ट स्लिपर्स' हें नांव होतें. त्या घालून चालणाराचें पाऊल वाजत नसे. काठ म्हणजे मर्यादा, आणि मर्यादा म्हणजे कुंपण. मध्ययुगांत घोडेस्वार सरदार भाले सरसावून एकमेकांवर धांवून जात, त्या रिंगणाभोंवतालच्या कुंपणाला आणि पुढें त्या रिंगणालाच 'लिस्ट्स' म्हणूं लागले. वर्तमानपत्रांतील विद्वान उतरला तो या रिंगणांत.

मग यादीचा अर्थ आला कोठून? तोही याच काठांतून. जर्मन कुळांतील हा शब्द इटालियन व फ्रेंच भाषांत गेला, तेथें त्याला 'पट्टी' आणि मग 'कागदाची लांबट पट्टी' असा अर्थ प्राप्त झाला, आणि अशा पट्टीवर एकाखालीं एक नांवें लिहीत असल्यामुळें नांवांच्या त्या ओळीलाच तें नांव मिळालें. इंग्रजींत हा अर्थ १६०० च्या सुमारास स्थिर होऊं लागला. त्याच सुमाराच्या 'हॅम्लेट' नाटकांत जहाजाचा कल सोडून बाकीचे सारे अर्थ भेटतात. पित्याचें भूत मुलाला ऐकावयास सांगतें तेव्हां ऐकण्याचा, राजपुत्र सोबत्यांना शपथ घालतो तेव्हां इच्छेचा, मर्यादा सोडलेल्या समुद्राची उपमा येते तेथें काठाचा, आणि लढाईसाठीं जमविलेल्या उनाड माणसांचा उल्लेख येतो तेथें यादीचा.

हे निरनिराळे अर्थ एखाद्या वेळीं फार क्रूर रीतीनें एकत्र येतात. ७ मे १९१५ रोजीं आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ एका जर्मन पाणबुडीनें 'लुसिटानिया' या प्रवासी जहाजावर पाणतीर सोडला. जहाज लगेच उजवीकडे 'लिस्ट' झालें. त्यामुळें डाव्या बाजूच्या होड्या आंत डेकवर झुकल्या आणि उजव्या बाजूच्या बाहेर दूर लोंबकळूं लागल्या. ४८ होड्यांपैकीं अवघ्या ६ नीट पाण्यांत उतरल्या, आणि सुमारें १८ मिनिटांत जहाज तळाशीं गेलें. जवळजवळ १,२०० माणसें मेलीं. मग जहाज कंपनीच्या कचेऱ्यांपुढें नातेवाईकांनीं गर्दी केली, ती दुसऱ्या 'लिस्ट'साठीं, म्हणजे वांचलेल्यांच्या यादीसाठीं.

मराठी 'यादी' शब्दाचा जन्म मात्र अगदीं निराळा आहे. तो फारसींतील 'याद' म्हणजे स्मरण या शब्दापासून आला. वाण्याकडून आणावयाच्या सामानाची यादी विसर पडूं नये म्हणून करतात. लग्न ठरतांना दोन्ही पक्ष याद्या करतात, त्याही पुढें कोणी शब्द फिरवूं नये म्हणून. इंग्रजीनें यादीकडे पाहिलें तें काठ म्हणून, मराठीनें पाहिलें तें आठवण म्हणून. जगांतील याद्यांचीं मुख्य कामें हींच दोन आहेत. कांहीं याद्या स्मरणासाठीं असतात, कांहीं कुंपणासाठीं. इंग्रजींतील याद्यांची नांवें समजून घेतांना हा भेद फार उपयोगीं पडतो.

स्मरणाच्या याद्यांत 'शॉपिंग लिस्ट' ही सर्वांत घरगुती, आणि 'चेकलिस्ट' ही सर्वांत मोलाची. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत राइट फील्ड येथें बोइंग कंपनीच्या चार एंजिनांच्या नव्या विमानाची परीक्षा चालू होती. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. पण जमिनीवर उभ्या विमानाचे हलते भाग वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून लाविलेली खीळ काढावयाची राहून गेली. विमान उंच चढलें आणि कोसळलें. त्यांत दोघांचा प्राण गेला. तेव्हां विमान चालविणें कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर सोडून चालणार नाहीं, हें ओळखून सैन्यांतील वैमानिकांनीं उड्डाणापूर्वीं तपासावयाच्या गोष्टींची एक छोटी यादी केली. तेंच विमान पुढें 'बी-१७' या नांवानें दुसऱ्या महायुद्धांत हजारोंच्या संख्येनें उडालें.

हीच युक्ति पुढें शस्त्रक्रियागृहांत आली. २००८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९ कलमांची एक चेकलिस्ट प्रसिद्ध केली. रोगी तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूला करावयाची, सुया व पट्ट्या मोजून बरोबर भरल्या काय, असे साधे प्रश्न तींत आहेत. दिल्ली धरून जगांतील आठ शहरांत तिचा प्रयोग झाला, आणि १९०० नव्हे, २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. या कामाचे पुढारी डॉ. अतुल गवांदे हे अमेरिकेंतील शल्यवैद्य. त्यांचें घराणें मूळचें विदर्भांतील आहे.

कुंपणाच्या याद्यांची जात निराळी. त्यांत नांव असणें किंवा नसणें यावर माणसाचें भवितव्य ठरतें. 'वेटिंग लिस्ट' म्हणजे कुंपणाच्या दाराशीं लागलेली रांग. 'शॉर्ट लिस्ट' म्हणजे चाळणींतून उरलेले थोडे उमेदवार. 'ऑनर्स लिस्ट' म्हणजे ब्रिटनच्या राजाकडून किताब मिळणारांची यादी. या सर्वांत भयंकर ती 'ब्लॅक लिस्ट'. मराठींतील 'काळी यादी' ही तिचीच छाया. १९४७ सालीं अमेरिकेंत चित्रपटव्यवसायांतील दहा जणांनीं आपल्या राजकीय मतांविषयींच्या प्रश्नांना उत्तर देण्याचें नाकारलें. त्यांना शिक्षा तर झालीच, शिवाय चित्रसंस्थांनीं त्यांना काम न देण्याचें ठरविलें. त्यांपैकीं डाल्टन ट्रम्बो या लेखकानें खोट्या नांवानें लिहिलेल्या 'द ब्रेव्ह वन' या चित्रपटकथेला १९५७ सालीं ऑस्कर पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां तें घेण्यास खरा लेखक पुढें येऊं शकला नाहीं. त्याचें स्वतःचें नांव पडद्यावर पुन्हां झळकलें तें १९६० सालीं.

कांहीं कुंपणें रक्षणासाठीं असतात. इंग्लंडमध्यें इतिहासाच्या किंवा वास्तुकलेच्या दृष्टीनें महत्त्वाच्या सुमारें ४,००,००० वास्तू व बांधकामें सरकारी यादींत नोंदलेलीं आहेत. त्यांत बदल करण्यास खास संमति लागते. तीच लंडनची 'लिस्टेड' इमारत. पण अमेरिकेंत घर 'लिस्टेड' आहे असें कोणी म्हटलें, तर तें दलालाकडे विक्रीसाठीं नोंदलें आहे, असा अर्थ होतो! एकाच शब्दानें लंडनचा मालक हात आंखडतो आणि न्यूयॉर्कचा गिऱ्हाईक पुढें करतो. भारताच्या राज्यघटनेंतही सातव्या परिशिष्टांत संघ, राज्य व समवर्ती अशा तीन सूची आहेत; कोणत्या विषयावर कायदा कोणीं करावा, याचीं तीं कुंपणेंच होत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें 'शिक्षण' हा विषय राज्य सूचींतून समवर्ती सूचींत गेला, आणि केंद्राला त्यावर कायदे करण्याचा अधिकार मिळाला.

इंग्रजींत प्रत्येक यादीला 'लिस्ट' म्हणून भागत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. शाळेंतील मुलांच्या नांवांचा 'रोल' असतो, कारण पूर्वीं तो चर्मपत्राच्या गुंडाळीवर लिहीत. पाळीपाळीनें काम करणारांचा 'रोस्टर' असतो. तो शब्द डच भाषेंतील भाजण्याच्या जाळीवरून आला, कारण आंखलेला तक्ता जाळीसारखा दिसतो. घरांत सांपडलेल्या वस्तूंची 'इन्व्हेंटरी', कारण तिच्या लॅटिन मुळाचा अर्थच 'सांपडणें' असा आहे. पुस्तकाच्या शेवटीं असते ती 'इंडेक्स', म्हणजे दाखविणारें बोट. आपल्या 'सूची' शब्दांतही सुचविण्याचाच भाव आहे. उपाहारगृहांत तर गंमत अशी कीं, खाद्यपदार्थांचा 'मेनू' असतो आणि मद्याची मात्र 'लिस्ट'.

अशा वेळीं कोशाइतकाच एक साधा प्रश्न वाचकाच्या मदतीला येतो. समोरची यादी आठवण ठेवण्यासाठीं केली आहे, कीं कोणाला आंत घेण्यासाठीं व कोणाला बाहेर ठेवण्यासाठीं? आठवणीची असेल, तर तींत कांहीं राहून तर गेलें नाहीं ना, हें पाहावें. कुंपणाची असेल, तर तें कुंपण कोणीं घातलें आणि बाहेर कोण उभें आहे, याची चौकशी करावी.