बिअरला पपनसाचा वास

अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरेगॉनमध्ये तयार केलेलं कॅस्केड हे हॉप्सचं (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीचं) वाण १९७२ साली बाहेर पडलं. शास्त्रज्ञांचा डोळा होता रोगावर. हॉप्सच्या वेलींवर डावणी पडायची (नाशिकच्या द्राक्षबागांतल्या डावणीची ही भावकीच), आणि तिला पुरून उरेल असा वेल हवा होता. पपनसासारखा वास हा त्याच्यासोबत आलेला आगंतुक.

तोवर उत्तम हॉप्स म्हणजे बोहेमियाचं साझ आणि बव्हेरियाचं हालरटाऊ. पिल्झेनमध्ये योसेफ ग्रोलने १८४२ साली केलेल्या सोनेरी लागरला वास होता तो साझचा: मंद, गवताळ, किंचित मसालेदार. साझमध्ये कडवटपणा देणारी अल्फा आम्लं जेमतेम ३-४ टक्के.

अमेरिकन रक्ताच्या वेलींकडे मात्र युरोप नाक मुरडूनच बघत आला होता. इंग्लंडच्या वाय कॉलेजात प्राध्यापक सॅमन यांनी कॅनडातल्या मॅनिटोबाच्या रानवेलीपासून ब्रूअर्स गोल्ड काढलं; ते १९३४मध्ये प्रसिद्ध झालं. कडवटपणा भरपूर, पण वास उग्र म्हणून ब्रूअर ते जपूनच वापरत.

हॉप्सचं बोंड बोटांनी फोडलं की पाकळ्यांच्या तळाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. सगळी करामत तिचीच. ती तासभर उकळली तर कडवटपणा उतरतो आणि सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात. आंबवणीनंतर गार बिअरमध्ये टाकली तर नेमकं उलटं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५मध्ये लिबर्टी एलमध्ये कॅस्केड असंच थंड टाकलं. १९८०मध्ये सिएरा नेवाडा ब्रूअरीची कॅस्केड घातलेली पेल एल आली आणि पपनसाचा वास ही अमेरिकन बिअरची ओळख झाली. नावडती राणी पट्टराणी झाली म्हणायची!

मग चढाओढच लागली. २००८च्या सुमारास आलेल्या सिट्रामध्ये अल्फा आम्लं ११-१३ टक्के, वर आंबा-लिचीचा घमघमाट. गंमत अशी की त्याच्या वंशावळीत खानदानी हालरटाऊही आहे आणि नावडतं ब्रूअर्स गोल्डही. गेल्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लागवडीत सिट्राने कॅस्केडला मागे टाकलं.

साझला या शर्यतीत उतरवणं मुळातच चुकीचं. आयपीएसारख्या हॉप्सनी भरलेल्या कडवट बिअरमध्ये ते हरवून जाईल, आणि पिल्सनरमध्ये सिट्रा घातलं तर जवाच्या माल्टची पावासारखी चव पार दबून जाईल. पिल्झेनची मूळ लागर आजही साझवरच होते, आणि ते जिथे पिकतं त्या झाटेत्सच्या परिसराला युनेस्कोने २०२३मध्ये जागतिक वारसा ठरवलं.