पैसा आपला, संशोधन आपले, मग कुलूप कुणाचे?

देशातले बरेचसे संशोधन सरकारी पैशांतून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून होते. मग ते वाचायला आपल्यालाच पुन्हा पैसे का मोजावे लागतात?

आमच्या शेजारच्या वहिनींच्या धाकट्या मुलाला डॉक्टरांनी एका दुर्मीळ आजाराचे निदान सांगितले. नाव उच्चारतानाच जीभ अडखळावी असा आजार. डॉक्टर चांगले होते, पण ओपीडीच्या गर्दीत ते सांगून सांगून किती सांगणार? त्या रात्री थोरल्या लेकीने मोबाईलवर शोधाशोध सुरू केली आणि चक्क सापडले! भारतातल्याच एका सरकारी रुग्णालयात, याच आजाराच्या मुलांवर झालेला अभ्यास. वर चार ओळींचा सारांश होता. पुढचे वाचायला गेली, तर सूचना आली : पूर्ण लेखासाठी ३५ डॉलर भरा. म्हणजे सुमारे तीन हजार रुपये!

‘‘रुग्णालय सरकारी, डॉक्टरांचा पगार सरकारी, तपासलेली मुलेही आपल्यासारख्यांचीच. मग हे पैसे जातात तरी कुणाला?’’ वहिनींनी विचारले.

प्रश्न साधा आहे, पण तो साऱ्या देशाचा आहे. २०२०-२१ साली भारतात संशोधन आणि विकासावर सुमारे सव्वा लाख कोटी रुपये खर्च झाले. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा सरकारी होता.

उलटा व्यवहार

शास्त्रज्ञ संशोधन करतो, लेख लिहितो आणि नियतकालिकाकडे पाठवतो. त्याबद्दल त्याला मानधन मिळत नाही. लेख तपासणारे तज्ज्ञही बहुधा फुकटच काम करतात. बहुतेक वेळा लेखाचे हक्क मात्र प्रकाशकाच्या नावावर होतात आणि तोच लेख प्रकाशक विद्यापीठांच्या ग्रंथालयांना भरमसाट वर्गणी लावून विकतो. म्हणजे गाय आपली, चारा आपला, धारही आपणच काढायची आणि दूध मात्र दुकानातून विकत आणायचे!

धोरण आहे, पण...

याची जाणीव सरकारला नाही असे नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ साली आपले संशोधन सर्वांसाठी खुले ठेवण्याचे धोरण स्वीकारले. डिसेंबर २०१४मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मिळून नियम केला की, त्यांच्या अनुदानातून झालेल्या संशोधनाचा लेख स्वीकारला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्याची अंतिम प्रत संस्थेच्या खुल्या संग्रहात जमा करावी. प्रकाशकाची अट असेल, तर विज्ञानाचा लेख फार तर सहा महिने आणि सामाजिक शास्त्रांचा वर्षभर झाकून ठेवता येईल.

नियम उत्तम आहे, पण अंमलबजावणी संस्थेगणिक वेगळी. कुठे लेख नेमाने जमा होतात, तर कुठे संग्रह नुसता नावापुरता असतो. अमेरिकेत मात्र राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशांतून झालेले संशोधन जुलै २०२५पासून प्रसिद्ध होताच सर्वांना फुकट उपलब्ध करणे बंधनकारक झाले आहे.

सहा हजार कोटींची वर्गणी

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३००हून अधिक सरकारी संस्थांसाठी खुली झाली. लाभार्थी सुमारे १ कोटी ८० लाख. हिशेब केला, तर दर माणशी वर्षाला साधारण अकराशे रुपये.

तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला मोठ्या आयआयटीतल्या मुलाइतकेच वाचायला मिळावे, ही गोष्ट छोटी नाही. त्याबद्दल योजनेचे कौतुकच करायला हवे. पण पहिल्या टप्प्यात खाजगी महाविद्यालये नाहीत. दवाखाना चालवणारा डॉक्टर, शाळेतला शिक्षक, शेतकरी, रुग्णाचे नातेवाईक यांनाही यात जागा नाही. शिवाय वर्गणी म्हणजे भाडे. मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी आणि पुन्हा पैसे.

दुसरा मार्ग म्हणजे वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेणे. पण ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने २०२०मध्ये त्यासाठी एका लेखाचे ९,५०० युरो, म्हणजे आठ लाखांहून अधिक रुपये जाहीर केले. आपल्याकडच्या किती संशोधकांना हे परवडणार?

घरचीच उदाहरणे

यातून वाट नाहीच का? आहे, आणि ती आपल्याच देशात आहे. सी. व्ही. रामन यांनी १९३४मध्ये स्थापन केलेली बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आपल्या नियतकालिकांतले लेख संकेतस्थळावर वाचकांना मोफत देते. १९१३पासून चालत आलेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ही खुले आहे. मुंबईत एका बालरोगतज्ज्ञाने सुरू केलेल्या ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने तर लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे न घेता अनेक वैद्यकीय नियतकालिके इंटरनेटवर आणून दाखवली. पुढे २०११मध्ये ती एका परदेशी कंपनीने विकत घेतली, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही काय करू शकता?

* देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत वाचता येतात. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर मिळतात.

* वैद्यकीय लेखांसाठी आधी ‘पबमेड सेंट्रल’ पाहा. तिथले लेख पूर्ण आणि फुकट वाचता येतात.

* आहाराविषयी व्हॉट्सअॅपवरच्या सल्ल्यांवर विसंबू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेली १७ मार्गदर्शक तत्त्वे मोफत उपलब्ध आहेत.

* लेख कुलूपबंद असेल, तर लेखकालाच ई-मेल करा. सारांशाखाली बहुधा पत्ता दिलेला असतो.

* पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही असतात. म्हणून लेख वाचून स्वतःच औषध बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

वहिनींच्या लेकीने हेच केले. भीतभीत चार ओळी लिहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांनी पूर्ण लेख पाठवला, वर दोन शब्द धीराचेही. लेख वाचून आजार बरा झाला नाही. पण पुढच्या खेपेला वहिनी वहीत पाच नेमके प्रश्न लिहून घेऊन गेल्या आणि डॉक्टरांनी पाचही प्रश्नांची उत्तरे दिली.

एका भल्या माणसाने उत्तर दिले म्हणून हे जमले. पण करदात्याला त्याच्याच पैशांतून उभे राहिलेले ज्ञान कुणाच्या भलेपणावर का मिळावे? ते त्याला हक्काने मिळायला हवे.