रुग्ण घरी, परिचारिकेचे लक्ष वजनकाट्यावर

रुग्णालयातून घरी सोडल्याचा कागद हाती पडला, की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. 'हार्ट फेल्युअर'च्या रुग्णाची खरी परीक्षा मात्र त्यानंतरच सुरू होते. या विकारात रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची शक्ती क्षीण होते आणि शरीरात पाणी साचू लागते. दम लागण्याच्या कित्येक दिवस आधीच वजन वाढू लागलेले असू शकते. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ ही धोक्याची सूचना समजली जाते. ही सूचना वेळेत कोणाच्या तरी नजरेस पडावी, यासाठी परदेशांत दूरसंपर्क तंत्रज्ञानाच्या साह्याने परिचारिकांची सेवा उभी राहिली.

तिची पद्धत साधी आहे. रुग्णाच्या घरी वजनकाटा आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र दिले जाते. रोजच्या नोंदी दूरध्वनी वा इंटरनेटवरून केंद्रात पोचतात. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला, की परिचारिका दूरध्वनी करते. पायांवर सूज आहे का? लघवीची गोळी चुकली का? जेवणात लोणचे, पापड वाढले का? उत्तरांवरून ती सल्ला देते किंवा डॉक्टरांना कळवते.

या सेवेचा उपयोग होतो का? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने २००३ ते २००७ या काळात दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी अशी योजना राबविली. १७ हजार २५ रुग्णांच्या पाहणीत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी, तर तेथील मुक्कामाचे दिवस २५ टक्क्यांनी घटले. मात्र, ही तुलना त्याच रुग्णांच्या आधीच्या स्थितीशी होती.

पुढील काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अमेरिकेतच २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांनी स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला रोज माहिती द्यायची होती. १,६५३ रुग्णांच्या या चाचणीत काहीही लाभ दिसला नाही. ज्यांना ही यंत्रणा दिली, त्यांतील १४ टक्के रुग्णांनी ती एकदाही वापरली नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील १,४३७ रुग्णांच्या चाचणीत परिचारिकांचे दूरध्वनी होते, तरीही १८० दिवसांत पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपासच राहिले.

जर्मनीतील २०१८ च्या चाचणीने मात्र वेगळे चित्र दाखविले. १,५७१ रुग्णांच्या या चाचणीत बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास उपलब्ध होत्या. तेथे वर्षाकाठी शंभर रुग्णांमागे मृत्यूंचे प्रमाण ११.३ वरून ७.९ वर आले. चाचण्यांतील रुग्ण आणि पद्धती भिन्न असल्याने थेट तुलना करता येत नाही. तरीही एक बोध स्पष्ट आहे. आकडा पाठवून भागत नाही. तो पाहणारी आणि लगेच उपचार बदलू शकणारी माणसे पलीकडे हवीत.

आपल्याकडे अशी सेवा हाताशी नसली, तरी त्यामागील तत्त्व घरी आचरता येते. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करावे व वहीत लिहावे. घरी निघण्यापूर्वी परिचारिकेला एक प्रश्न अवश्य विचारावा: वजन वाढले, तर आम्ही कोणाला आणि कोणत्या क्रमांकावर कळवायचे?